दुपारची गुंगी

अक्का, तुमच्याविरुद्ध मोठ्या डॉक्टरांकडं गेलेलं ते बिनसहीचं पत्र मी लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्दा राहून जाईल. माझी ती खोड तुम्हाला माहीत आहे. बायकांच्या मानसोपचार वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर नेमून दिल्यापेक्षा जास्त झोपेच्या गोळ्या देते, वॉर्ड गप्प राहावा म्हणून देते, असं मी त्यात लिहिलं होतं. त्या पत्रानं तुमच्या कमरेच्या किल्ल्या गेल्या. तुम्हाला खाली लसीकरणाच्या खोलीत नेऊन बसवलं. आणि ‘पेशंट झोपवणारी बाई’ हे नाव तुमच्या मागं लागलं, ते तुम्ही जाऊन बारा वर्षं होत आली तरी सुटलेलं नाही. आता त्या वॉर्डाची इन्चार्ज मी आहे. किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. कपाट उघडताना माझ्या मागं कोण उभं आहे, हे मी दर वेळेस वळून बघते.

संशय घ्यायला तुम्हीच शिकवलं, हे पण खरं. मी वॉर्डात आले त्या पहिल्याच सकाळी तुम्ही मला औषधाच्या कपाटासमोर उभं केलंत आणि म्हणालात, “हितं कुणावर भरवसा ठेवायचा न्हाई. पेशंट गोळी गिळली म्हणतंय, तोंड उघडून जीभ वर करून बघायची. डॉक्टरनं लिवलंय, तरी एकदा वाचून दाखवायचं. आन् सगळ्यात आधी सोत्तावर भरवसा ठेवायचा न्हाई.” लोराझेपामचं, त्या झोपवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन भरताना दोघींनी मिळून बघायचं, रिकामं अँप्युल, ती काचेची कुपी, लगेच टाकायचं नाही, सुई दिल्यावर पेशंटला एकटीला संडासला जाऊ द्यायचं नाही, म्हातारी असेल तर तिच्या खाटेपाशीच थांबायचं. निंबर्ग्याच्या मेंढरंवाल्या घरातल्या तुम्ही. “आमच्या अप्पाला कळपात एक कमी असलं तर नुसतं बघून कळायचं, मला मोजूनच कळतंय,” असं म्हणून हसायचात. बाकी सगळ्यांशी कन्नड, डॉक्टरांशी मोडकं इंग्रजी, आणि माझ्याशी मात्र मराठी. मला वाटायचं, ही भाषा तुम्ही माझ्यासाठी राखून ठेवली आहे. मग रागावताना पण तीच भाषा वापरलीत, ते फार लागलं.

त्या दिवशीचं सांगते. सकाळचा राउंड चाललाय, एक पेशंट सारखी ओरडते आहे, भिंतीवर थाळी आपटते आहे. नवा डॉक्टर जाता जाता म्हणतो, हिला सुई द्या. मी भरली आणि दिली. तुम्ही कुठून आलात कोण जाणे, माझं मनगट धरलंत. सगळ्या वॉर्डासमोर, भेटायला आलेल्या नातलगांसमोर विचारलंत, “किती होता श्वास?” मी म्हणलं, बरा होता अक्का. “बरा म्हंजे किती? मोजलास का?” मोजला नव्हता. “तिला तरास व्हायलाय म्हणून दिलीस का तुला तरास व्हायलाय म्हणून दिलीस गं?” मग मला त्या पेशंटच्या उशाशी स्टुलावर बसवलंत आणि तासभर तिचा श्वास मोजायला लावलात, दर पाच मिनिटांनी एक पूर्ण मिनिट. येणारी जाणारी माणसं बघत होती. माझ्या गावची, दुबलगुंडीची एक पाव्हणी होती त्यात, तिनं गावात जाऊन माझ्या बापाला सांगितलं की तुमच्या लेकीला शाळेतल्या पोरीसारखं बसवलं होतं. आठ दिवसांनी तुम्ही मला तुमचं जुनं सेकंदकाट्याचं घड्याळ दिलंत, “पडून हाय माझ्याकडं, श्वास मोजायला लागतंय,” म्हणालात. घड्याळ मी हातात बांधलं. राग मात्र सोडला नाही.

मग ती आली. औरादकडची, पस्तिशीच्या आतबाहेरची, शेतात मजुरी करणारी. हात लटलट कापत होते, अंथरुणावरच्या मुंग्या झटकत होती, मुंगी तर एकही नव्हती. घरी झटका येऊन जीभ चावली होती. सोबत तिची म्हातारी आई. “बाहेरचं लागलंय हो,” असं आई म्हणत होती. डॉक्टरनं विचारलं, दारू पिते का? आई दुखावली. “दारू? न्हाई बा. आमच्या घरात कुणी शिवत न्हाई.” कागदावर तसं लिहिलं गेलं. डॉक्टर गेल्यावर तुम्ही खाली फरशीवर बसलात, तिच्या पायाला हात लावलात आणि साध्या आवाजात विचारलंत, “माय, शिंदी कुठली पितीस?” ती लगेच बोलली. हद्दीपलीकडची, तेलंगणातली, रोज कामावरून येताना दोन बाटल्या, लग्नाच्या आधीपासून. आठवड्यापूर्वी तिकडं धाडी पडल्या, दुकानं बंद झाली, आणि हिचं हे सुरू झालं. आपल्याकडं शिंदीला, झाडावरून उतरवलेल्या त्या आंबलेल्या रसाला, कुणी दारू म्हणतच नाही, हे त्या बाहेरच्या डॉक्टराला कसं कळावं? तुम्हाला माहीत होतं. त्या शिंदीत चढण्यासाठी पावडर घालतात, आणि ती पावडर आपल्या कपाटातल्या गोळ्यांच्याच जातीची असते, हे पण माहीत होतं. डॉक्टरला गाठून तुम्ही कागद दुरुस्त करून घेतलात. मग मला समजावलंत, “हिच्या अंगाला सवय हाय. एकदम बंद झालं म्हणून झटका आला. आता आपली गोळी द्यायची आन् जिन्यावरून हात धरून उतरवल्यावानी एकेक पायरी कमी करायची. वरून ढकललं तर मरंल.” आणि आईला सांगितलंत, “आई, त्या पावडरीनं हिचं वाटोळं केलंय. पावडर लई वाईट.”

ती आई माझ्या गावची निघाली, दुबलगुंडीची माहेरवाशीण. मला बघून “जयभीम गं माय” म्हणाली, माझ्या बापाचं घर कुठं, दारात काय होतं, सगळं तिला पाठ. मोठ्या दवाखान्यात आपलं माणूस भेटलं म्हणून तिचे डोळे भरून आले आणि माझेही भरले. जवळच नौबादेत तिची भाची राहायची. म्हातारी तिथं मुक्कामाला, आणि रोज बारा वाजता लेकीला डबा घेऊन यायची, एका हातात भाकर-भाजी आणि दुसऱ्या हातात ताकाची स्टीलची बरणी. दारात डबे उघडून बघायचं काम माझं होतं.

पहिले चार दिवस बरे गेले. मुंग्या गेल्या, हात थांबले. आणि मग दुपारची ती गुंगी सुरू झाली. सकाळी टुणटुणीत, वेणी घालून बसलेली बाई दोन वाजता लोळागोळा. हाक मारली तर डोळा अर्धा उघडायचा, बोलणं जड, चालायला उठली की भिंत धरायची. एकदा श्वास मिनिटाला दहावर आला होता. तुम्ही तिला कुशीवर वळवलंत, ऑक्सिजनचं सिलिंडर खाटेशी ओढून आणलंत, डॉक्टरला बोलावलंत. ती सावध होईपर्यंत हलला नाहीत. मी लांबून बघत होते, आणि खरं सांगते अक्का, माझ्या मनात एकच आलं. जास्तीच्या गोळ्या दिल्या असतील अक्कानंच, आणि आता सारवासारव चाललीय.

एकदा ते मनात शिरलं आणि मग काय, जिकडं बघावं तिकडं पुरावा. तिच्या गोळ्या तुम्ही दुसऱ्या कुणाला देऊ देत नव्हता, कामून? ब्लेडनं गोळीचे अर्धे तुकडे करून कागदाच्या पुडीत ठेवत होता, कामून? तुमच्या ड्युटीत वॉर्ड इतका शांत कसा असायचा? माझ्या ड्युटीत तर आरडाओरडा. तुम्ही बायकांच्या डोक्याला तेल लावत बसता, त्यांच्या गाऱ्हाण्यांना हूं हूं करता, म्हणून शांत असतो, हे मला दिसत होतं, पण ते मी धरलंच नाही. तुम्ही पदराआड काही ठेवलंत की मी मान लांब करायची. चहाला म्हणून निघायची आणि अर्ध्या वाटेतून परत यायची. तुम्ही एकदा दचकलात, “काय गं, काय इसरलीस?” मी म्हणलं, रुमाल. वहीच्या मागच्या पानावर मी तुमची वेळ लिहून ठेवू लागले, किती वाजता कपाट उघडलं, किती वाजता बंद केलं. वॉर्डात मी एकटीच शुद्धीवर आहे असं मला वाटायला लागलं होतं.

आणि एक दिवस तुम्ही मला बाजूला घेतलंत. “ही दुपारीच कामून झोपायली? मी दुपारची गोळी थांबवलीय तरी झोपायली. दारावर तू असतीस न्हवं? डबे नीट बघतीस का?” मला मस्तकात तिडीक गेली. स्वतःचं पाप माझ्या पदरात घालायलीय ही, असं वाटलं. मी म्हणलं, “बघते की अक्का, रोज उघडून बघते.” भाजीचा डबा मी उघडत होते. ताकाची बरणी कधीच उघडली नव्हती. ‘काय हाय आई?’ विचारायची, ती ‘ताक हाय माय’ म्हणायची. तेवढ्यावर मी डबा तपासला म्हणून सही करत होते. आपल्या माणसाच्या बरणीचं झाकण कुठं उघडायचं! त्या संध्याकाळी घरी जाऊन मी पत्र लिहिलं, डाव्या हातानं.

चौकशीला दोन डॉक्टर आणि मेट्रन आले. तुमच्या टेबलाचा खण उघडला, तर त्यात एका पाकिटात अकरा गोळ्या निघाल्या. तुम्ही म्हणालात, “थांबवलेल्या गोळ्या हाईत त्या, पंधरवड्याला एकदा परत लावते.” थांबवलेली गोळी त्याच दिवशी फार्मसीला परत लावायची आणि दोघींच्या सहीनं नोंदवायची, हा नियम तुम्हीच मला शिकवला होता. तुम्ही तो पाळला नव्हता. त्या एका चुकीवर सगळं गेलं. तुम्ही वाद घातला नाही. किल्ल्या काढून मेट्रनच्या हातात दिल्यात आणि माझ्याकडं बघून म्हणालात, “हिचा श्वास मोजत जा गं दुपारचा.” तुम्ही माझ्याकडंच बघून का म्हणालात? मी किती वर्षं त्या नजरेचा कीस काढलाय.

तुम्ही खाली गेल्यावर चौथ्या दिवशी, दोन वाजता, ती पुन्हा लोळागोळा. कपाट माझ्या ताब्यात. गोळी मी स्वतः दिलेली, सकाळची, तीही अर्धी. मी तिच्या खाटेशी उभी राहिले आणि तुमच्या घड्याळावर तिचा श्वास मोजला. दुसऱ्या दिवशी बारा वाजता म्हातारी आली. मी बरणी हातातून घेतली, झाकण उघडलं. वरून ताकासारखीच पांढरी, पण वास आंबूस, नाकात चढणारा. “आई, ही शिंदी हाय.” म्हातारी जराही घाबरली नाही. मोठ्या मायेनं मलाच समजावायला लागली. “व्हय माय. पर ही बिनपावडरीची हाय. त्या मोठ्या सिस्टर म्हणल्या न्हवं, पावडर वाईट म्हणून. माझ्या भाचीचा मालक सोत्ता झाडाखाली उभारून उतरवून आणतो. लेकीचं अंग लई कापायलं व्हतं गं, बघवंना. दोन घोट दिल्यावर थंड पडती. तुमची गोळी बी चालू, ही बी चालू. मंग लवकर बरी हुईल की!” पावडर असो नसो, शिंदी आणि वरून गोळी म्हणजे श्वास थांबायला एखादी दुपार पुरे झाली असती. ती बाई त्या दिवसांत मेली नाही, कारण तुम्ही दुपारच्या गोळ्या थांबवत होता. त्या अकरा गोळ्या त्याच. चार्टवर तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं, रोज, गोळी थांबवली, पेशंट गुंगीत, श्वास इतका, डॉक्टरला सांगितलं. चार्ट माझ्या हाताशीच होता. पत्र लिहिण्याआधी मी तुमचं कपाट बघितलं, खण बघितला, पदर बघितला. चार्ट वाचला नाही.

बरणी मी मोरीत ओतली. म्हातारीला हात जोडून सांगितलं की एक थेंब आणला तर लेक हातची जाईल. ती रडली, पुन्हा आणली नाही. गुंगी थांबली. आणि मी कुठंही काहीही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर दारावर कोण होतं हे विचारलं असतं. डबा तपासल्याच्या सह्या कुणाच्या हे विचारलं असतं. पत्राचं विचारलं असतं. तुम्ही खालच्या मजल्यावर लेकरांना थेंब पाजत बसला होता, आणि मी वर चार्टवर लिहीत होते, पेशंट सावध, तक्रार नाही.

मी सांगायला आले होते, अक्का. तुमच्या खोलीवर, रविवारी सकाळी. तुम्ही भाकरी थापत होता. मला पाट दिलात, तव्यावरची गरम भाकर आणि शेंगाची चटणी दिलीत, वरून तेल सोडलंत. “तिची गोळी कुठवर उतरली?” पहिला प्रश्न हाच. मी म्हणलं, पाव राहिलीय, पुढल्या आठवड्यात सुट्टी. तुमचं तोंड उजळलं, “हौदु? व्हय? बरं झालं बाई!” मग भाकरी परतताना, पाठ माझ्याकडं असताना, “आन् दुपारची गुंगी?” मी म्हणलं, थांबली. “कशानं थांबली?” घास माझ्या तोंडात होता. म्हणलं, “आपोआप.” तुम्ही वळलात. हाताला पीठ तसंच. “आपोआप काय थांबत न्हाई गं,” एवढंच म्हणालात, आणि मला आणखी एक भाकर वाढलीत. मी ती खाल्ली. तुम्हाला माहीत होतं का? पत्राचं, बरणीचं, कशाचं तरी? माहीत असून वाढलीत का? असं कुणी असतं यावर माझा आजही विश्वास बसत नाही. मला वाटतं, तुम्ही मला जोखत होता. मग वाटतं, नाही, तुम्हाला फक्त त्या पेशंटचं कळायला हवं होतं. तीन वर्षांनी तुम्ही गेलात, तेव्हा वॉर्डातल्या सगळ्याजणी निंबर्ग्याला गेल्या. मी ड्युटी मागून घेतली.

हे पत्र पाठवता येईल असं एक ठिकाण आहे. तुमची लेक आळंदला शाळेत शिकवते, तिचा पत्ता माझ्याकडं आहे. दवाखान्यातल्या एका बाईनं कुणाच्या तरी लग्नात तिच्या तोंडावर म्हणलं होतं, “तुझी आई व्हय ती, पेशंट झोपवणारी?” आणि ती पोर जेवण टाकून उठून गेली. हे मला माहीत आहे. तिच्यासाठी हा कागद फार मोलाचा आहे, आणि नेमकं म्हणूनच तो माझ्या हातून सुटत नाही. नोकरीची चार वर्षं राहिली आहेत, मला भीती वाटते. बस, एवढंच कारण आहे, दुसरं चांगलं कारण मी शोधून बघितलं, सापडलं नाही.

आता एकच राहिलं. दर वर्षी नर्सिंगच्या पोरींची नवी बॅच येते, त्यांना मी या गोळ्यांबद्दल शिकवते. श्वास मोजा, एकदम बंद करू नका, शिंदीचं वेगळं विचारा, बरणीचं झाकण उघडून वास घ्या. सगळं तुमचंच. आणि शेवटी, पोरी घाबराव्यात म्हणून, एका सिस्टरची गोष्ट सांगते, जी वॉर्ड गप्प ठेवायला गोळ्या द्यायची आणि जिच्या खणात अकरा गोळ्या सापडल्या. नाव घेत नाही. वॉर्डातल्या जुन्या आयांना कळतं. गेल्या सोमवारी पण सांगितली. मागच्या बाकावरची एक पोर, बारीक डोळ्यांची, माझ्यासारखीच संशयी दिसते, उठून उभी राहिली. “मॅडम, त्या सिस्टरना जास्तीची गोळी देताना कुणी बघितलं होतं का?” वर्ग माझ्याकडं बघत होता. मी म्हणलं, व्हय, मी बघितलं होतं.